न मागता लागलेली दाद

आमच्यात गाणं संपल्यावर टाळी वाजवायची पद्धत नव्हती. भजनात टाळी असायची, पण ती गाण्याच्या आतली, ताल धरणारी. गाणं थांबलं की तीही थांबायची. आम्ही धनगर. वैजापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून बऱ्याच आत, एका उजाड माळावर आमची चार घरांची वस्ती होती. वडिलांना आम्ही भावंडं दादा म्हणायचो. दादा ओव्या गायचे. बिरोबाच्या ठाण्यापुढे माणसं गोल करून बसायची, दादा एक हात कानावर ठेवून उभे राहायचे आणि आधी नमन, मग कहाणी असं तासन्‌तास चालायचं. त्यांनी ओळ टाकली की तिचं शेवटचं टोक उचलून लांबवायला, म्हणजे झील धरायला, धोंडूकाका असायचे. कहाणी संपली की समोरची माणसं "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणायची, कोणीतरी मूठभर भंडारा उधळायचं आणि सगळे पिवळ्या अंगानं उठून आपापल्या घरी जायचे. ते चांगभलं दादांना नसायचं, देवाला असायचं. दादांना कोणी 'छान गायलास' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तशी गरजही कोणाला वाटत नसावी. विहिरीला कोणी तुझं पाणी छान आहे म्हणत नाही, पितात आणि निघतात.

परवा सिडकोतल्या सभागृहात माझ्या नातीच्या नाचाचा कार्यक्रम होता. गार हवेचं सभागृह, मऊ खुर्च्या. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आजी, लोक टाळ्या का वाजवतात गं? नुसतं छान म्हटलं तर चालणार नाही का?" मी तिला म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी गेल्यावर ती झोपली. मला मात्र झोप येईना. हे सांगायला मला आयुष्यातलं एक अख्खं वर्ष उघडावं लागणार होतं, आणि ते वर्ष मी बरेच दिवस उघडलं नव्हतं.

तो बहात्तरचा मोठा दुष्काळ. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला, त्या वर्षी झालाच नाही. दादांनी मेंढरं गोदावरीच्या काठानं खाली नेली, तिथंही गवत नव्हतं, परत आणली. बाभळीच्या शेंगा संपल्या, मग बाभळीचा पाला संपला. कोकरं आधी गेली. आया ओरडायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या, हे मला अजून आठवतं. त्या दिवसांत दादा रोज संध्याकाळी ठाण्यापुढे एकटे उभे राहून गात. झील धरायला धोंडूकाका नव्हते, ते बायकोपोरं घेऊन साखर कारखान्याच्या भागात कामाला गेले होते. समोर ऐकायला कोणी नव्हतं. दादा गायचे ते फक्त देवालाच ऐकू जावं म्हणून. शेवटी उरलेली मेंढरं एका गाडीत चढवून खाटकाकडे गेली. गाडी वळणाआड गेल्यावर दादा माघारी आले, डोक्यावरचं घोंगडं उतरवून त्याची घडी केली आणि मायला म्हणाले, "झालं. ऐकलं नाय त्यानं. आता कुणासाठी गायचं?" त्यानंतर त्यांनी ओवी तोंडातून काढली नाही. गाणंच काय, बोलणंही जेवढ्यास तेवढं. माझी माय म्हणजे तोंडाचा पट्टा अखंड चालणारी बाई, पण समोरून उत्तर येईना तेव्हा तीही हळूहळू गप्प होत गेली.

आम्ही शहरात आलो. आता त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. जालना रोडच्या बाजूला कारखाने येत होते, कारखान्यांमागे माणसं आणि माणसांमागे घरं. जिथं कालपर्यंत ज्वारी होती तिथं चुन्याच्या फक्क्या पडत होत्या. अशाच एका कॉलनीच्या बांधकामावर दादांना राखणदारीचं आणि भिंतींना पाणी मारायचं काम लागलं. राहायला पत्र्याची खोली मिळाली. दाराला सिमेंटच्या पोत्यांचा शिवलेला पडदा होता, आणि माझ्या धाकट्या भावाचं अंगडंही त्याच पोत्याचं. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजायचा, मग खडीच्या ढिगावर फावडी वाजायला लागायची, मग गवंड्यांच्या थाप्यांची टकटक. दुपारी पत्रा तापून कडकड आवाज करायचा. माणसं प्यायच्या पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन धावायची आणि आमचे दादा नव्या भिंतींना नळीनं पाणी पाजत उभे असायचे. भिंतीला पाणी कमी पडलं तर भिंत तडकते, म्हणून तिचं पाणी ठरलेलं होतं. माय एकदा म्हणाली होती, "येवढं पानी आपल्या माळावर असतं तर." दादा नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून पाण्याचा पंखा करत राहिले. तो पंखा उन्हात फार सुंदर दिसायचा, आणि आम्ही पोरं त्याच्याखाली भिजून घ्यायचो.

खायला मिलोच्या भाकरी. सरकारी दुकानात मिळणारी ती परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि चावताना रबरासारखी ताणायची. तिच्याबरोबर लाल मिरचीचा ठेचा आणि नशीब असेल तर अंबाडी. शेजारच्या पत्र्यात रशीदचाचा राहायचे, बांधकामावरचे मोठे मिस्त्री. त्यांची बायको सकाळी पिवळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा करायची आणि वाटीभर आमच्याकडे पाठवायची. माझ्या जिभेवर औरंगाबादची पहिली चव बसली ती त्या खट्ट्याची. रशीदचाचांना कव्वालीचा भारी नाद. गुरुवारी संध्याकाळी अंघोळ करून, डोळ्यांत सुरमा घालून ते दर्ग्यावर जायचे आणि आल्यावर दादांना अमक्यानं कसं गायलं, तमक्यानं कशी तान घेतली ते रंगवून सांगायचे. दादा मान हलवायचे. आपणही गात होतो, हे त्यांनी चाचांना कधी सांगितलं नाही.

मला शाळेत घातलं ते मायनं. कामावरच्या पोरांबरोबर रेतीत खेळून मी वाया जाईन असं तिला वाटलं. कॉलनीच्या पलीकडे एक नवी शाळा होती, निम्म्या वर्गांना छप्पर, निम्मे कडुनिंबाखाली. मी वयानं थोराड, वर्गानं लहान, म्हणून शेवटच्या ओळीत. तिथं मी पहिल्यांदा ती टाळी पाहिली. एका मुलीनं कविता म्हटली आणि गुरुजी म्हणाले, "वाजवा टाळ्या." सगळ्यांनी वाजवल्या. मी इकडेतिकडे बघून वाजवल्या, जरा उशिरा, आणि एकटीचीच टाळी शेवटी वाजली म्हणून सगळे हसले. ते गुरुजी, आमचे साळवे सर, मात्र हसले नाहीत. ते करमाडकडचे, बौद्ध घरातले. त्यांच्या वडिलांची गायनपार्टी होती आणि लहानपणी ते स्वतः पेटीमागे बसून कोरस धरायचे, हे त्यांनीच वर्गाला सांगितलं होतं. गाण्याचा तास वेळापत्रकात नव्हता, पण सर भूगोल संपवून उरलेल्या वेळात गाणं घ्यायचे.

त्या वर्षी शाळेचं पहिलंच ग्यादरिंग ठरलं. कोण काय करणार म्हणून सर विचारत होते. मी काही बोलणार नव्हते, पण माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "सर, ही पाणी भरताना गाती." सरांनी मला उभं केलं. "काय गातेस?"

"ओवी. पर मला येत नाय. माझ्या दादांला येती."

"दादांना येते म्हणजे तुलाही थोडी येतच असणार. नाव लिहितो."

घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी माय चुलीपुढे पीठ मळत होती, मी पत्र्यामागच्या नव्या भिंतीला पाठ लावून बसले आणि नमनाची पहिली ओळ म्हणून बघितली. धरतीला नमन, मग आभाळाला, मग मायबापाला, मग मेंढरात रमलेल्या देवाला, असा तो क्रम. शब्द येत होते. चाल मात्र दुसऱ्याच वाटेला जायची. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरली. चार दिवस हे असंच. दादा भिंतीच्या पलीकडून पाणी मारत असायचे. त्यांना ऐकू जात असेल याचा मी विचारच केला नव्हता. पाचव्या की सहाव्या संध्याकाळी मी आभाळाच्या नमनात अडकले तेव्हा भिंतीपलीकडचा पाण्याचा आवाज थांबला.

"तिथं खाली नगं येऊ," भिंत म्हणाली. "आभाळाला नमन करतीस आन् सूर जमिनीला? वर धर."

मी वर धरला. तुटला.

"तसं नाय. ऐक." आणि त्यांनी म्हणून दाखवली. एकच ओळ. घसा बसलेला होता, मधे सिमेंटची धूळ आल्यासारखी खरखर होती, पण ओळ वर गेली आणि तिथंच थांबली, घार थांबते तशी. पत्र्याच्या आत पीठ मळायचा आवाज बंद झाला. माय पिठाच्या हातानं पडदा बाजूला करून बाहेर आली आणि तोंडाला हात लावायला गेली; हाताला पीठ होतं म्हणून तसाच हवेत धरून उभी राहिली. मी भिंतीला गाल लावून बसले होते. भिंत ओली होती. थोड्या वेळानं पाणी पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की माझ्यानं होणार नाही, दादांनी गायलं तर होईल. सर संध्याकाळी घरी आले. बसायला सिमेंटचं पोतं दिलं, त्यावर ते नीट मांडी घालून बसले, मायनं दिलेला कोरा चहा प्यायले आणि म्हणाले, "सखारामभाऊ, तुम्ही गा."

"झीलकरी नाय, सर. झिलीबिगर ओवी म्हंजे एका चाकाची गाडी."

"मी धरते झील," मी म्हणाले.

माय लगेच म्हणाली, "पोरीनं झील धरलेली कुनी ऐकलीय का? जातवाले काय म्हनतील?"

"जातवाले हायत कुठं इथं?" दादा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मायला उलट उत्तर दिलं होतं. माय मनातून सुखावली असावी, कारण तिनं पुढे वाद घातला नाही, उठून चहाचं भांडं घासायला घेतलं आणि ते गरजेपेक्षा बराच वेळ घासत राहिली.

मग आमची तालीम सुरू झाली. दादा भिंतींना पाणी मारत पुढे सरकायचे, मी नळीचे वेढे सोडवत मागून जायची. ते ओळ टाकायचे, मी शेपूट उचलायची. कहाणी त्यांनी निवडली होती ती एका मुलीची. कोरड्या नदीत आपली मेंढरं घेऊन ती देवाची वाट बघत बसते, देव येतो पण तहानलेल्या म्हाताऱ्याच्या वेषात, आणि तिच्याकडचं शेवटचं पाणी मागतो, अशी. रशीदचाचांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थापी हातात धरून ते मिनिटभर उभेच राहिले. मग दादांना म्हणाले, "क्या भाई, इत्ते दिन से मैं तुमकू कव्वाली सुनारा, और तुम चुप बैठे! ऐसा करते क्या?" दादा ओशाळून हसले.

ग्यादरिंग दुपारचं होतं. शाळेपुढे मांडव, खाली सतरंज्या, पुढे दोन ओळी खुर्च्या. कॉलनीत नुकती राहायला आलेली माणसं, कारखान्यातले साहेब, त्यांच्या इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या बायका, आणि मागं आमच्यासारखी बांधकामावरची माणसं. माय धाकट्याला मांडीवर घेऊन खांबाजवळ बसली. चाचा तिथंच मागं उभे होते. आमच्या आधी एक नाटुकलं झालं, एकीचं भावगीत झालं, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. दादा त्या वेळी शाळेमागच्या वर्गात धोतर नीट नेसत होते, त्यामुळं त्यांनी हे काही पाहिलं नाही. मला त्या टाळ्यांची इतकी सवय झाली होती की त्यांचं वेगळं काही सांगावं लागेल असं डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही.

आम्ही स्टेजवर गेलो. दादांनी घोंगडं खांद्यावर टाकलं होतं. माईक त्यांच्या तोंडाला फार जवळ होता, पहिला सूर कर्ण्यातून असा फुटला की ते दचकून मागं सरले. पुढच्या ओळीतली माणसं हसली. पण दादांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि धरतीला नमन घातलं. मी झील धरली. माझा आवाज थरथरला नाही. तो त्यांच्या आवाजाला धरून होता. धरती झाली, आभाळ झालं, मायबाप झाले, देव झाला. नमन संपलं. आता श्वास घ्यायचा, घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचं आणि कहाणीला हात घालायचा.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या.

माणसांना वाटलं गाणं झालं. ते तरी काय करणार. त्यांना नमन आणि कहाणी यातला फरक कोणी सांगितला होता? टाळ्या जोरात होत्या, मागच्या बाजूनं शिट्ट्याही आल्या. लेझीमवाल्या मुली पायरीवर तयारच होत्या, त्यांचं एक पाऊल वर पडलं. मी दादांकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते. ते समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा मेंढरांची गाडी वळणाआड गेली तेव्हा होता तसा झाला. त्यांनी कानावरचा हात काढला, समोरच्या माणसांना वाकून नमस्कार केला आणि खाली उतरून मांडवाच्या बाहेर चालायला लागले.

मी मागं धावले. ते शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले होते, चालत होते ते थेट घराच्या दिशेनं. मी घोंगड्याचं टोक धरलं. "दादा, अवं कुठं चालला? कहानी राह्यलीय!"

"पुरे म्हनले ते."

"कोन म्हनलं?"

"तू ऐकलं नाय का? टाळ्या पिटल्या सगळ्यांनी." ते थांबले. "रानात पाखरं बसली की काय करतो आपन? टाळ्या पिटूनच उडवतो ना? आन् वैजापूरच्या बाजारात एक पुढारी भाषन करत व्हता, बसंचना. लोकांनी अशाच टाळ्या पिटल्या आन् त्याला खाली बसवलं. मी सोता बघितलंय. चल. त्यांचं बी चुकलं नाय. त्यांला कशाला पायजे आपलं गानं?"

मला रडू फुटलं. टाळी म्हणजे हाकलणं नव्हे, हे मला माहीत होतं. पण मग ती काय, हे मला सांगता येईना. वर्गात गुरुजी वाजवा म्हणतात म्हणून आम्ही वाजवायचो. मी नुसतंच "तसं नाय, दादा, तसं नाय" म्हणत राहिले. तेवढ्यात रशीदचाचा धापा टाकत आले, त्यांच्यामागं धाकट्याला कडेवर घेऊन माय, आणि जरा वेळानं साळवे सर.

"कायकू जारे भाई?" चाचांनी दादांचा हात धरला. "लोगां दाद देरे तुमकू, और तुम भाग रे!"

दादा थबकले. "काय देत्यात?"

"दाद! दाद देरे!"

"दाद?" दादांनी सरांकडे बघितलं. "सर, मिस्त्री काय म्हनत्यात?"

सर म्हणाले, "बरोबर म्हणतात ते. तुमचं आवडलं. आमच्यापर्यंत पोचलं, हे सांगायला टाळी. दुसरं काही नाही."

दादा टाकीच्या कट्ट्यावर बसले. हा शब्द त्यांना नवा नव्हता. फार ओळखीचा होता, म्हणूनच ते गोंधळले होते. मग म्हणाले, "सर, मेंढरं मरत व्हती तवा तहसीलीत किती खेपा घातल्या मी. चाऱ्याची दाद मागाया. सायेब जेवाया गेले, सायेब दौऱ्यावर गेले. दाद लागली नाय. देवापुढं घसा फोडला, तिथं बी लागली नाय." ते मांडवाकडे बघायला लागले. तिकडून अजून तुरळक टाळ्या येत होत्या. माणसं आम्ही परत येतो का याची वाट बघत होती. "आन् इथं न मागता?"

"हौ भाई," चाचा म्हणाले. "बिन मांगे दी."

दादांनी घोंगड्याच्या टोकानं तोंड पुसलं. पुष्कळ वेळ पुसत होते. माय खाली मान घालून उभी होती. मग ती एकदम म्हणाली, "अवं, मंग कहानी अर्धी ठेवून येत्यात व्हय? त्या पोरीला नदीतच बसवून आला तुमी." दादा उठले.

सर आमच्या आधी धावत गेले आणि माईकवर म्हणाले, "मंडळी, झालं ते नुसतं नमन होतं. कहाणी आता सुरू होईल. संपेपर्यंत कृपा करून टाळ्या वाजवू नका." लेझीमच्या मुली फुगून बाजूला बसल्या. दादा पुन्हा उभे राहिले, या वेळी माईकपासून हातभर लांब, आणि मला म्हणाले, "श्वास पोटातून घे." आणि ती पोरगी, ती मेंढरं, तो तहानेला म्हातारा कोरड्या नदीत आला. मी झील धरत होते आणि समोर बघत होते. इस्त्रीच्या साडीतली एक बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, उलगडत होती. मागं आमची दुष्काळातून आलेली माणसं जिथं होती तिथं थिजली होती. तहान म्हणजे काय हे त्यांना ओवीनं सांगायला नको होतं. मुलगी शेवटचं पाणी म्हाताऱ्याच्या ओंजळीत ओतते, तिथं दादांचा आवाज इतका खाली आला की कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मग मी शेवटची झील लांबवली आणि सोडली.

कोणी हललं नाही. सरांनी सांगितलं होतं टाळ्या वाजवू नका, आणि संपलं की नाही हे कोणाला कळत नव्हतं. एकमेकांकडे बघत होते बिचारे. ती शांतता मला अजून अंगावर आठवते. दादांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग माईककडे वाकून म्हणाले, "झालं. सपली कहानी." आणि जरा थांबून, लाजत म्हणाले, "आता द्यायची आसंल तर द्या."

आधी हसू फुटलं, सगळ्या मांडवाचं एकदम, आणि त्या हसण्यातूनच टाळ्या फुटल्या. चाचा दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होते. माय धाकट्याचे हात आपल्या हातांत धरून वाजवत होती. आणि मागं खांबाजवळून कोणीतरी, आमच्याच भागातला असणार, मोठ्यानं ओरडला, "बिरोबाच्या नावानं!" बांधकामावरची माणसं म्हणाली, "चांगभलं!" दादा हात जोडून उभे होते. डोळे उघडे होते.

पुढं मी नर्स झाले, शहरातच नोकरी केली, शहर कुठल्या कुठं पसरलेलं पाहिलं, आणि पुष्कळ कार्यक्रमांना जाऊन पुष्कळ टाळ्या वाजवल्या. काही तर नुसत्या शेजारचा वाजवतो म्हणून, वर्गातल्या त्या पहिल्या टाळीसारख्या. तरी नातीला आता मी हे सांगणार आहे. ऐकणारा माणूस बराच वेळ हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला असतो, आणि त्याच्या आत काय चाललंय ते गाणाऱ्याला दिसत नाही. गाणारा अंधारात विहिरीत दगड टाकावा तसा सूर टाकत असतो. खाली पाणी आहे की नाही, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. आवाज आला की दोघंही सुटतात. नुसतं छान म्हटलं तर चालेल का? कदाचित चालेल. पण त्या दिवशी त्या मांडवातल्या माणसांना आमच्या दादांशी कोणत्या भाषेत काय बोलावं हे माहीत नव्हतं, आणि हात सगळ्यांना होते.

त्यानंतर पाऊस झाला, मेंढरं काही परत आली नाहीत. दादा एका कारखान्यात राखणदार झाले आणि आसपासच्या जत्रांना, लग्नांना, कोणी बोलावलं की गायला जात राहिले. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही शाळेतून घराकडं निघालो तेव्हा ऊन कललं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अर्ध्या उभ्या भिंती होत्या. मला वाटलं दादा गप्प गप्प चालतील. पण ते शाळेचं फाटक ओलांडल्यापासून बोलायला लागले होते. म्हाताऱ्याच्या एंट्रीला मी झील लवकर उचलली. नदीच्या ओळीत शब्द खाल्ला. पाणी मागतो तिथं आवाज रडका काढला, ओवीत आपण रडायचं नसतं, ऐकणाऱ्याला रडू द्यायचं असतं. एकेक ओळ ते रस्त्यातच म्हणून दाखवत होते, सायकलवाले वळून बघत होते, आणि मी मान खाली घालून "व्हय दादा, व्हय दादा" म्हणत होते. इतकी बोलणी खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मागून माय म्हणाली, "पुरे की आता! पोरीला जरा श्वास तर घेऊ द्या."

"श्वासच तर चुकतोय तिचा," दादा म्हणाले, आणि पुढची ओळ म्हणायला लागले.